कोर्लई : खाडीकाठची 'आपली भाषा'

भाषा आणि भूगोल यांचा संबंध पाहताना आपले लक्ष बहुधा नकाशावरील मोठ्या रेषांकडे जाते : मराठी कोठे संपते, कन्नड कोठे सुरू होते. येथे आपण एकाच गावाचा विचार करू.

रायगड जिल्ह्यात, कुंडलिका नदी समुद्राला मिळते तेथे, दक्षिण तीरावर कोर्लई वसले आहे. समुद्रात शिरलेला डोंगर, त्यावर किल्ला, पायथ्याला वस्ती. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, पैलतीरी रेवदंडा. या गावातील हिंदू मराठी बोलतात. कॅथलिक समाजाची, म्हणजे सुमारे ८०० ते १,००० माणसांची, घरातील भाषा मात्र निराळी आहे. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'.

१५२१ मध्ये निजामशाहीच्या परवानगीने पोर्तुगीजांनी चौलजवळ किल्ला बांधण्यास घेतला. कोर्लईचा डोंगर १५९४ मध्ये त्यांच्या हाती आला. शिपाई, चाकर, गुलाम आणि स्थानिक धर्मांतरित यांच्या सहवासातून जी मिश्र बोली उपजली, ती पुढील पिढ्यांची मातृभाषा झाली. अशा भाषेला भाषाविज्ञानात क्रिओल म्हणतात. १७४० मध्ये पोर्तुगीज येथून गेले, मराठ्यांचा अंमल आला, तरीही ही भाषा टिकली.

याचे श्रेय सहसा खाडीला दिले जाते. कुंडलिकेवर पूल झाला तो १९८६ मध्ये. तोवर रेवदंड्याला जायचे तर होडी. मला हे उत्तर अपुरे वाटते. मी सारोळ्यास राहतो. येथे नीरा ओलांडली की जिल्हा बदलतो, पुण्याचा सातारा होतो. मराठी दोन्ही काठांवर तीच. शिवाय कोर्लईचे मराठीभाषक शेजारी खाडीच्या याच तीरावर, त्याच गावात राहत होते. खरी सीमा विवाहाची होती. धर्मामुळे शेजाऱ्यांशी सोयरीक होत नव्हती आणि चर्चमुळे पोर्तुगीजशी धागा राहिला होता. खाडीने एवढेच केले की ही सीमा विरघळू दिली नाही.

सीमा असूनही मराठी आत शिरलीच. पोर्तुगीजने आपल्याला बादली, चावी, पगार असे शब्द दिले. कोर्लईत मराठीने त्याहून खोल जागा घेतली. इंडियाना विद्यापीठाचे जे. क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनी या भाषेवर १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येते. नौ लिंगमध्ये ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटाकडे सरकत गेले. पोर्तुगीज वळणाच्या क्रियापदांचे अ-कारान्त, ए-कारान्त, इ-कारान्त असे तीन वर्ग होते. मराठी क्रियापदांसाठी या माणसांनी चौथा, उ-कारान्त वर्ग घडवला. व्याकरणाचे एकही पुस्तक हाती नसलेल्या कोळ्या-शेतकऱ्यांनी पाहुण्या शब्दांना स्वतंत्र ओसरी बांधून दिली, असे म्हणावयास हरकत नाही!

आता मात्र शाळा मराठी, १९६०च्या दशकापासून चर्चमधील प्रार्थना मराठी, आणि पुलापलीकडे नोकऱ्या. ज्या मराठीच्या भवितव्याची आपण इंग्रजीपुढे चिंता करतो, तीच मराठी येथे बलाढ्य भाषा आहे. या भाषेला स्वतःची लिपी नाही. जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे १९७१ पासून स्वतंत्रपणे छापली जात नाहीत. ती 'इतर' या रकान्यात जातात. कोर्लईचे सगळे भाषक मोजले तरी ही मर्यादा गाठण्यास अशी दहा गावे लागतील.

आपल्यापैकी जे अलिबाग-मुरूड परिसरात राहतात, त्यांनी गृहपाठ म्हणून, आधी परवानगी घेऊन, कोर्लईतील एखाद्या आजीकडून आणि तिच्या नातवाकडून रोजच्या कामांची वीस-वीस क्रियापदे उतरवून घ्यावीत. त्यांतील उ-कारान्त कोणाकडे किती, हे मोजावे. आणि आजी बोलताना नातू उत्तर कोणत्या भाषेत देतो, तेही लिहून ठेवावे.