मोठ्या आईचे तीन पिंजरे

परतवाड्याच्या घरी आम्ही सात सख्खी-चुलत भावंडं, आणि ओसरीत तीन पिंजरे. मोठी आई पहाटे उठून आधी पिंजऱ्यांवरची फडकी काढायची, भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि पेरूची फोड आत सरकवायची, मग आम्हाला हाक मारायची. सत्तरीच्या दशकातल्या वऱ्हाडात पिंजरा नसलेलं घर आम्हाला सुनं वाटायचं.

तिघं पोपटच, पण तीन स्वभावांचे. मोठा होता पहाडी. खांद्यावर गर्द लाल ठिपका, सुपारी फोडेल अशी जाड चोच. दारात कोणी आलं की आजोबांच्या आवाजात "कोन आहे?" विचारायचा. आजोबा गेल्यावरही वर्षभर विचारत होता, आणि तेवढ्यापुरती आजी पदर सावरून बसायची. दुसरा साधा कंठवाला, आमचा राघू. आणला तेव्हा गळा कोराच होता, म्हणून सगळे त्याला मादी समजले. तिसऱ्या वर्षी गळ्याला काळी-गुलाबी कंठी उमटली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. राघू शिट्टी शिकला, आमची सगळ्यांची नावं शिकला.

तिसरा तुईया. सगळ्यात लहान, सगळ्यात देखणा. डोकं पिकल्या जांभळासारखं, शेपटीचं टोक पांढरं. तो काही शिकला नाही. संध्याकाळ झाली की पिंजऱ्याच्या पूर्वेच्या गजांना चिकटून "तुई, तुई" करायचा. मोठी आई म्हणायची, "पोट्टेहो, मिरची मांगून राह्यला तो." आम्ही पळत जाऊन हिरवी मिरची आणायचो. तो ती चोचीत धरायचा आणि टाकून द्यायचा.

नागपूरच्या आत्याकडे कॅनरी होती, पिवळीधमक. त्या घरी गेलं की आम्ही पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसायचो. गळ्याखालची पिसं थरथरायची आणि इवल्याशा छातीतून लांबच लांब तान निघायची. आत्यानंच सांगितलं, की गातो तो नर. पिसं झडायला लागली की तोही मुका होतो, तेव्हा त्याला हैराण करायचं नाही. कोणी कॅनरी गाण्यासाठी जोपासतं, जर्मनीतली रोलर तर चोच जवळजवळ मिटून गाते. कोणी रंगासाठी, कोणी डोक्यावर केसांच्या झुपक्यासारखा तुरा असलेली ग्लॉस्टर पाळतं. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरचा हा पक्षी चारएकशे वर्षं माणसांच्या पिंजऱ्यातच पिढ्यान्‌पिढ्या जन्मतो आहे. पोपटाचं तसं नाही, त्याला ढोलीतून काढून आणतात. हा फरक तेव्हा आमच्या ध्यानात आला नव्हता.

तो ध्यानात आला सेमाडोहला. 1974 मध्ये मेळघाटात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, आणि पुढं धाकट्या काकांची नेमणूक तिथं झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सातही जण आणि मोठी आई घाट चढून तिथं गेलो. सिपना नदीत पाणी उरलं होतं ते डोहांपुरतं. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग, हे काकांनी पहिल्याच दिवशी शिकवलं. संध्याकाळी आम्ही काठावर बसलो होतो. सागाच्या शेंड्यांवरून वीसएक पाखरं बाणासारखी गेली आणि वरून आवाज आला, "तुई? तुई?" मागं राहिलेल्या एकानं तसंच उत्तर दिलं आणि पंख मारून थव्याला गाठलं.

कोणी बोललं नाही. मोठी आई बराच वेळ आभाळाकडं बघत राहिली. मग एवढंच म्हणाली, "मिरची नव्हता मांगत."

परत येताना तिनं काकांना विचारलं, "तुईयाले इकडे आणून सोडू का?" काका म्हणाले, "वहिनी, पिलापासून हातानं भरवलेला आहे, रानात नाही टिकणार." तेव्हा तिनं त्याचा पिंजरा ओसरीतून काढून परसातल्या निंबाखाली टांगला, म्हणजे जाणारे थवे त्याला दिसतील. तिघं आपापल्या वयानं गेले. चौथा पोपट घरात आला नाही. रानातला पोपट पाळणं हा गुन्हा आहे, हे कायदा सांगतो. आम्हाला ते मोठ्या आईनं आधी सांगितलं होतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सगळे पुन्हा सेमाडोहला जमलो, सात जणांतले सहा. सांज झाली, सागावरून हाक आली, आणि सहाही जणांच्या माना एकदम वर गेल्या. थोरल्या बहिणीनं डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "उत्तर देऊन राह्यला कोणीतरी."