साथ

मैफलीला गेल्यावर माझे लक्ष गवयापेक्षा तबलजीकडे अधिक असते, ही माझी जुनी खोड आहे. गवई डोळे मिटून रंगलेला असतो. तबलजीला ती मुभा नाही. त्याला सारखे दुसऱ्याच्या मनात काय आहे ते पाहावे लागते.

सध्या या खोडीचे प्रकरण घरात शिरले आहे. आमचे चिरंजीव बारावीला आहेत. परवा जेवताना म्हणाले, "बाबा, मला पुढं बसायचंच नाहीये. दुसऱ्यांच्या गाण्यात चांगली गिटार वाजवायचीय."

"आणि पोट कशावर भरायचं?" सौभाग्यवतींनी विचारले.

विश्रामबागेत प्रत्येक मुलाला पहिला नंबर हवा असतो, निदान त्याच्या आईबापांना तरी! तिथे हा पठ्ठ्या आपण होऊन दुसरी जागा मागत होता.

त्या रात्री मी 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐकली. ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालची. कल्पना एकेकाळचे लोकप्रिय भावगीतगायक आणि पुढे एचएमव्हीत गेलेले जी. एन. जोशी यांची. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस तिच्यात आहे. अहीरभैरवाने तो उजाडतो. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. गिटार आडवी ठेवून तारांवर कांडी सरकवण्याची ही तऱ्हा मूळची हवाई बेटांतली. ती अमेरिकेत गेली आणि तिथल्या खेडवळ गाण्यांत रुळली. इकडे अली अकबर खाँसाहेबांच्या या शिष्याने तिच्यातून रागदारीतली मिंड काढली.

संतूरवाले आणि बासरीवाले त्या काळी मुंबईच्या स्टुडिओंत इतरांच्या गाण्यांना साथ करीत. 'गाईड'मधल्या एका गाण्यात तर शिवकुमारांनी तबला वाजवला आहे. म्हणूनच की काय, या मुद्रिकेत कोणी कोणाला ढकलत नाही. एक बोलू लागला की दुसरा ऐकतो. आणि तबला? तो माणिकराव पोपटकरांचा. तिघांची नावे सर्वतोमुखी आहेत; हे चौथे नाव किती जणांना ठाऊक असते?

वर्गात तुकोबा शिकवताना मी चौदा टाळकऱ्यांची नावे विचारतो. संताजी जगनाड्यांपुढे गाडी सरकत नाही. पण तेरांचे टाळ थांबले असते तर त्या कीर्तनात काय उरले असते?

मिरज आमच्या शेजारीच आहे. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांतला तंबोरा जन्मभर साथच करतो. त्याच्यावाचून गवई मात्र तोंड उघडत नाही.

हे सगळे मी घरात सांगून पाहिले. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि आपला मूळ प्रश्न पुन्हा विचारला. त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. गिटारीच्या तारा आणायला मात्र येत्या रविवारी आम्ही बापलेक मिरजेला जाणार आहोत.