मूळ अजून व्हायचं होतं

लेक आठ वर्षांची असताना खो-खोच्या खांबावर तोंड आपटून तिचा वरचा पुढचा दात तुटला. दात कायमचा, नुकताच पूर्ण आलेला. जवळजवळ निम्मा गेला होता आणि उरलेल्या भागाच्या मधोमध लाल ठिपका दिसत होता. खेळाच्या सरांनी मातीतून तुकडा शोधून पाण्याच्या बाटलीत टाकून दिला, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

दवाखान्यात मी पहिल्यांदा विचारलं ते रूट कॅनालचंच. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. मुळाच्या भिंती पातळ होत्या, टोक उघडंच होतं. "ताई, हा दात सातव्या-आठव्या वर्षी येतो, पण मूळ पुरं व्हायला पुढं दोन-तीन वर्षं जातात. आता सगळी नस काढली तर मूळ असंच पातळ राहील, आणि पुन्हा मार लागला की मोडेल."

त्यांनी नसेचा वरचा, दोनेक मिलिमीटर भाग तेवढा काढला आणि ओला कापूस दाबून धरला. रक्त लवकर थांबलं. आतली नस निरोगी असल्याची ती खूण, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. मग वर औषधी सिमेंट भरून तो तुकडाच चिकटवला. स्वीडनमधल्या मिओमिर त्स्वेक यांनी १९७८ साली या पद्धतीचे निष्कर्ष मांडले होते. असे ६० दात, त्यांतले ५८ बरे झालेले. हे मी नंतर वाचलं. मुलांच्या दातांवर इतकं चिकाटीचं काम कुणीतरी करून ठेवलंय, याचं फार बरं वाटलं.

दर तपासणीला एक्स-रे काढताना मी मुळाकडेच बघायची. वर्षभरात भिंती जाड झाल्या, टोक मिटत आलं. तुकड्याचा सांधा उजेडात दिसतो. कॅपचा विचार ती मोठी झाल्यावर.

आता शाळेत पालक भेटले की मी एवढं आवर्जून सांगते: कायमचा दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता, न घासता, नुसता धुऊन लगेच जागेवर बसवा. जमलं नाही तर थंड दुधात घालून दंतवैद्याकडे पळा. कोरडा राहिला तर तासाभरात मुळावरच्या पेशी मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, कारण त्याच्या मागेच कायमचा घडत असतो आणि त्याला इजा होऊ शकते.