कर्क्सव्हिलचा वारसा : काही टिपणे

अमेरिकेत डॉक्टरांच्या नावापुढे एम.डी. असतं किंवा डी.ओ. असतं. दुसऱ्या पदवीचं पूर्ण नाव डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. अधिकार दोघांचे सारखे: औषधं लिहून देणं, शस्त्रक्रिया करणं, हृदयरोगापासून भूलशास्त्रापर्यंत कुठल्याही शाखेत तज्ज्ञ होणं. चार वर्षं वैद्यकीय महाविद्यालय, मग रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण. डी.ओ.च्या विद्यार्थ्याला त्याशिवाय सुमारे दोनशे तास हातांनी तपासायला आणि उपचार करायला शिकावं लागतं. स्नायू, सांधे, कणा बोटांनी चाचपायचा, ताणायचा, दाबायचा. आज तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांत दर चौघांमागे एकाहून अधिक जण याच महाविद्यालयांत आहेत.

न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरातली मुलगी डी.ओ.ला गेली की इकडच्या आत्या-मावश्यांचा पहिला प्रश्न असतो, "म्हणजे हाडांची डॉक्टर का गं?" दुसरा प्रश्न कोणी तोंडावर विचारत नाही, पण तो मनात असतोच: एम.डी.ला मिळालं नाही म्हणून का? या मुलींना तो ऐकू येतो. म्हणून ही टिपणे जरा तपशिलात लिहितो आहे.

*

ऑस्टिओपॅथीचा संस्थापक अँड्र्यू टेलर स्टिल, जन्म 1828. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि वैद्यही. मुलगा त्यांच्या हाताखालीच शिकला. अमेरिकन यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूने होता. 1864 मध्ये मेंदूज्वराच्या साथीत घरातली तीन मुलं गेली. आपल्या काळातले उत्तम म्हणवणारे उपचार त्यांच्या काहीही कामी आले नाहीत, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं.

त्या काळचे उपचार कोणते, तर पारा घातलेलं कॅलोमेल, अफू, व्हिस्की, रक्त काढणं. औषधांवरचा स्टिलचा राग समजून घ्यायचा तर ही यादी आधी वाचायला हवी. 1874 मध्ये त्याने आपलं निराळं मत जाहीर केलं: शरीराची रचना बिघडली की कार्य बिघडतं, रचना हातांनी सुधारा, बाकीचं शरीर करेल. 1892 मध्ये मिसूरीतल्या कर्क्सव्हिल या छोट्या गावात त्याने शाळा काढली. शरीररचनाशास्त्र शिकवायला एडिनबराहून शिकून आलेला डॉक्टर, आणि पहिल्याच तुकडीत स्त्रियांनाही प्रवेश. एम.डी. देण्याचा अधिकार राज्याने दिला असूनही त्याने तो वापरला नाही.

त्याचं निदान चुकीचं होतं. कण्यातल्या बिघाडाने गोवर किंवा घटसर्प होत नाही. पण 'या औषधाने रोगी बरा होतो की नुसता सोसतो?' हा त्याचा प्रश्न योग्य होता, आणि तो विचारायला त्या काळी धाडस लागत होतं.

*

1901 मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळासमोर ऑस्टिओपॅथांना परवाना द्यावा म्हणून साक्ष द्यायला मार्क ट्वेन गेला होता. आपल्या शरीरावर कोणाचे उपचार घ्यायचे हे ज्याने त्याने ठरवावं, हा त्याचा मुद्दा. मला ट्वेन आवडतो, पण हा मुद्दा अपुरा वाटतो. रोग्याला निवड हवीच, पण ज्याला निवडायचं तो किमान किती शिकलेला आहे याची हमी त्याआधी हवी.

*

ही हमी आली ती टीकेतून. 1910 चा फ्लेक्सनर अहवाल अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाला हलवून गेला. अब्राहम फ्लेक्सनरने ऑस्टिओपॅथीच्या शाळाही पाहिल्या आणि एकीलाही चांगलं म्हटलं नाही. प्रयोगशाळा नाहीत, रुग्णालयं नाहीत, फीचे पैसे मात्र येत आहेत. त्यानंतरच्या दशकांत या मंडळींनी काय केलं ते महत्त्वाचं. त्यांनी प्रवेशाच्या अटी वाढवल्या, सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं, आणि संस्थापकाने ज्यांना दार बंद केलं होतं ती औषधंही 1920 च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासक्रमात आणली. गुरूच्या शिकवणीतला मध्यवर्ती भाग चुकीचा ठरला तेव्हा शिष्यांनी तो सोडला. वैद्यकाच्या इतिहासात हे फार थोड्या पंथांना जमलं आहे.

मान्यता तरीही सावकाश आली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याने डी.ओ.ना वैद्यकीय अधिकारी म्हणून घेतलं नाही. एम.डी. आघाडीवर गेले, मागे राहिलेली कुटुंबं डी.ओ.कडे जाऊ लागली आणि युद्धानंतरही तिथेच राहिली. सैन्याचं दार 1966 मध्ये, मॅकनामारा संरक्षणमंत्री असताना उघडलं.

मधला कॅलिफोर्नियाचा प्रसंग विलक्षण आहे. 1961 मध्ये तिथल्या दोन्ही वैद्यकीय संघटनांनी एकत्र यायचं ठरवलं. डी.ओ.चं महाविद्यालय एम.डी.चं झालं आणि दोन हजारांहून अधिक डी.ओ.ना 65 डॉलर भरून एम.डी. पदवी मिळाली. पुढच्या वर्षी मतदारांनी नवे डी.ओ. परवाने बंद केले. सगळ्यांना वाटलं, पंथ संपला. घडलं उलटं. कालपर्यंत ज्याला कमी लेखलं तो 65 डॉलरमध्ये बरोबरीचा होत असेल, तर त्याचं शिक्षण आधीपासूनच बरोबरीचं होतं, असा अर्थ बाकीच्या राज्यांनी काढला. 1969 मध्ये मिशिगनमध्ये सरकारी पैशावर चालणारं पहिलं डी.ओ. महाविद्यालय आलं. 1974 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने परवाने पुन्हा सुरू करायला लावले. 2020 मध्ये दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सी एकाच मान्यतेखाली आल्या.

*

मे 2023 मध्ये 'अॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये एक मोठी पाहणी आली. मेडिकेअर या सरकारी विम्याखाली रुग्णालयात दाखल झालेले सुमारे 3 लाख 30 हजार ज्येष्ठ रुग्ण. 30 दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण एम.डी.कडे 9.4 टक्के, डी.ओ.कडे 9.5 टक्के. म्हणजे फरक नाही. आत्या-मावश्यांच्या न विचारलेल्या प्रश्नाला मी हेच उत्तर देईन.

*

हातांच्या उपचारांचं काय? 1999 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये कंबरदुखीवरचा प्रयोग आला: नेहमीचे उपचार आणि हातांचे उपचार यांनी सारखाच आराम पडला, पण हातांच्या उपचारांत औषधं कमी लागली. 2021 च्या फ्रान्समधल्या 400 रुग्णांच्या प्रयोगात खोट्या उपचारापेक्षा फायदा दिसला, पण इतका लहान की रोग्याला तो जाणवेल का अशी शंका. बहुतेक डी.ओ. आज हे उपचार क्वचितच करतात.

कवटीची हाडं हलक्या स्पर्शाने हलवण्याच्या तंत्राला मात्र आधार नाही. मोठ्या माणसाच्या कवटीचे सांधे तसे हलत नाहीत. ते अभ्यासक्रमातून जावं, असं मला ठामपणे वाटतं. औषधांचं दार उघडण्याचं धैर्य ज्यांनी दाखवलं, त्यांना हे जड जाऊ नये.

आणि तरी त्या दोनशे तासांचं मोल मला वाटतं. संगणकाकडे बघत बोलणाऱ्या डॉक्टरसमोर बसलेल्या कोणालाही, दुखतं त्या जागी हात ठेवून तपासणारा डॉक्टर काय असतो ते सांगावं लागत नाही.

*

पुण्या-मुंबईत फिजिओथेरपिस्ट मानेला किंवा कंबरेला 'एमईटी' देतात: रोग्याने स्नायू हलकेच आवळायचा, त्यांनी रोखायचा, सैल झाला की थोडं पुढे न्यायचं. मसल एनर्जी टेक्निक. ते बसवलं फ्रेड मिचेल या डी.ओ.ने. कर्क्सव्हिलची परंपरा आपल्यापर्यंत अशीही पोचली आहे.

*

ओक्लाहोमात ताहलेक्वा इथे, चेरोकी नेशनच्या भूमीवर, 2020 मध्ये डी.ओ. महाविद्यालय सुरू झालं. मूलनिवासी समाजाशी जोडलेलं अमेरिकेतलं ते पहिलंच वैद्यकीय महाविद्यालय. केंटकीच्या कोळसा खाणींच्या डोंगराळ भागात पाइकव्हिलचं महाविद्यालय 1997 पासून आहे. जिथे डॉक्टर जात नाहीत तिथे महाविद्यालयच न्यायचं. निम्म्याहून अधिक डी.ओ. प्राथमिक सेवेत, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या कामात आहेत. अमेरिकी आरोग्यव्यवस्थेतली त्यांची खरी जागा मला इथे दिसते. गडचिरोली, नंदुरबारचा विचार या ठिकाणी मनात येतोच.

*

महाराष्ट्रात होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून आधुनिक औषधं द्यावीत की नाही, हा वाद 2014 च्या कायदादुरुस्तीपासून चालू आहे. त्यात अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा. डी.ओ.ना बरोबरी मिळाली ती चार वर्षांचा अभ्यास, रुग्णालयातली रेसिडेन्सी आणि तितक्याच कठीण परीक्षा यांच्या बळावर, अनेक दशकांनी. खेड्यात डॉक्टर हवा, ही गरज खरी आहे. पण खेड्यातल्या रोग्याला कमी शिकलेला डॉक्टर चालेल, असं कोणी का मानावं?

*

एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेबाहेर 'ऑस्टिओपॅथ' बहुधा डॉक्टर नसतो. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्याने त्यांची नोंदणी होते, पण ते औषध लिहून देणारे डॉक्टर नव्हेत. आपल्याकडे कोणी ही पाटी लावली असेल तर शिक्षण कुठे, किती वर्षं, नोंदणी कशाची, हे विचारावं. कंबरदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर कोणालाही कंबर दाबू देऊ नये, आधी रुग्णालय गाठावं. आणि केस कापून, तेल लावून झाल्यावर सलूनमध्ये मानेला जो झटका देतात, त्याला नको म्हणावं. मेंदूकडे जाणारी धमनी त्या झटक्याने फाटू शकते.