शिवेवरचा दगड

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला गेलेले आपले बांधव दीक्षाभूमीला वंदन करतात, पुस्तकांची खरेदी करतात आणि परतीची गाडी धरतात. आम्हीही मुंबईहून जाऊन वर्षानुवर्षे तेच करीत आलो. गेल्या खेपेला मात्र आमच्या गाडीला दोन दिवसांचा अवकाश होता. तेव्हा मुलाबाळांसह आम्ही जुने दगड पाहायला निघालो.

दगड म्हटल्यावर शेंदूर लावलेले नव्हेत! जमीन मोजणाऱ्यांनी रोवलेले किंवा कोरलेले हे खुणेचे दगड. डोंगरमाथ्यावरच्या खडकात एक वर्तुळ आणि मधोमध टिंब कोरलेले दिसले, तर ते बहुधा मोजणीचे ठाणे असते. जुन्या इमारतीच्या पायथ्याशी 'जी.टी.एस.' आणि 'बी.एम.' अशी इंग्रजी अक्षरे आढळली, तर तेथे समुद्रसपाटीपासूनची उंची मोजलेली असते. सुटीच्या दिवशी अशा खुणा हुडकण्याचा आम्हाला छंद आहे. खर्च एस.टी.च्या तिकिटाचा, आणि डबा घरचा.

नागपूरचा असा दगड म्हणजे विधान भवनाजवळचा झिरो माईल. मेट्रोचे स्थानकही आता त्या नावाचे आहे. हा भारताचा मध्यबिंदू, असे लोक सांगतात. परंतु तेथल्या लहान दगडावर 1907 साल आणि उंचीच्या खुणेचा उल्लेख कोरलेला आहे. ही उंची समुद्रसपाटीपासून 1020 फुटांच्या किंचित वर आहे. खांबावर निरनिराळ्या गावांची मैलांतली अंतरे आहेत. मुलांनी ती मोठ्याने वाचून काढली.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने हिंगणघाट गाठले. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने 1802 साली मद्रासजवळ साडेसात मैलांची एक सरळ रेषा साखळीने मोजली. तिच्या आधाराने त्रिकोणाला त्रिकोण जोडीत देश मोजायला घेतला. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, ही त्यातली युक्ती. 1823 साली हैदराबादहून नागपूरकडे येताना लॅम्बटन हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबरही तेथेच आहे. कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते, असे आम्ही सांगताच आमच्या धाकट्या कन्येने विचारले, "बाबा, मग ते डोंगरावर कुणी नेलं?"

आम्ही गप्प झालो. साहेबाची कबर सापडते. पण ते यंत्र वर चढवणाऱ्या, झाडी तोडणाऱ्या, निशाण धरून उन्हात उभे राहणाऱ्या खलाशांची नावे कोणत्या दगडावर आहेत? आम्हाला तरी अद्याप सापडली नाहीत.

याच खात्यात पुढे राधानाथ सिकदर नावाचे बंगाली गणिती होते. जगातील सर्वोच्च शिखराच्या उंचीच्या गणिताशी त्यांचे नाव जोडले जाते. आम्हाला मात्र ते 1843 सालच्या प्रसंगामुळे अधिक मोठे वाटतात. एका इंग्रज मॅजिस्ट्रेटने मोजणी खात्याच्या मजुरांना बेकायदा राबवून घेतले, तेव्हा सिकदरांनी जाहीर विरोध केला आणि त्यापायी 200 रुपये दंड सोसला.

वेठ हा शब्द आपल्या घरांना नवा नाही. दिवाळीच्या सुटीत सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी गेलो, तेव्हा मुलांनी ही सारी हकिगत आमच्या ऐंशी वर्षांच्या तात्यांना सांगितली. तात्यांनी काठी घेतली आणि म्हणाले, "चला." ओढा ओलांडून, तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तेथे बोरीच्या जाळीत त्यांनी काठी टेकवली. पालापाचोळा सारला, तर खाली दगड!

"तुमच्या पणज्यानं मला हितंच उभं करून दावला व्हता," तात्या मुलांना म्हणाले. "गावागावांत भांडान लागलं, की महाराला बोलवायचे, शीव दाव म्हणून. आपण सांगू ती शीव. आन् शिवंच्या आत आपलं काय? हाडकी-हाडवळा!"

गावाची हद्द ज्यांच्या पायांना पाठ होती, त्यांना गावात जागा नव्हती. रात्री-अपरात्री सांगावा आला की निघायचे, ही वतनाची खरी किंमत होती. परमपूज्य बाबासाहेबांनी ही गुलामी ओळखून 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. ही वतने अखेर 1958 च्या कायद्याने संपली. वेठ गेली, हे उत्तमच झाले. पण वेठीबरोबर आपल्या वाडवडिलांचे ज्ञानही गाडले जावे काय?

आमच्या गावच्या विहाराच्या जागेचा वाद दोन वर्षे चालू होता. मोजणीचे पैसे भरले, तर कोपऱ्याचा दगडच सापडेना. त्याच सुटीत तात्यांनी ओढ्याच्या काठापासून पावले मोजीत एक जागा दाखवली. तरुणांनी खणले. हातभर खाली दगड निघाला! पुढे भूकरमापकाची मोजणीही त्याला जुळली. विहाराची सहा फूट जागा वाचली. 'क' प्रत आता विहाराच्या कपाटात आहे, आणि थोरल्या मुलाने तात्यांना विचारून काढलेला साऱ्या शिवेचा नकाशाही तिच्याशेजारी आहे.

म्हणून बंधू-भगिनींनो, पुढच्या सुटीत मुलांना घेऊन असे दगड अवश्य हुडका. दगड हलवू नका, त्यावर रंग फासू नका, कुणाच्या शेतात न विचारता शिरू नका. फोटो काढा, जागा वहीत टिपा. मात्र सुरुवात नागपूर-हिंगणघाटापासून नको. आपल्या गावी जो कुणी म्हातारा शीव जाणणारा उरला असेल, त्याच्यापासून करा. दगड शंभर वर्षे वाट पाहील, म्हातारा पाहणार नाही.

जय भीम!