'श्वास' आणि गच्चीवरची चादर

'श्वास' हा संदीप सावंत दिग्दर्शित मराठी चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. माधवी घारपुरे यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. 'श्यामची आई'नंतर (१९५३) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मराठीत आले ते याच्यामुळे. मध्ये पन्नास वर्षे गेली. भारतातर्फे तो ऑस्करलाही गेला. खर्चासाठी लोकांनी वर्गणी जमवली, नामांकन मात्र हुकले.

कोकणातल्या परशुरामला, म्हणजे परश्याला, नीट दिसेनासे होते. आजोबा त्याला शहरातल्या इस्पितळात आणतात. निदान होते रेटिनोब्लास्टोमाचे, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचे. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. हा रोग बहुधा पाच वर्षांखालच्या मुलांत आढळतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाहुलीत पांढरी चमक दिसणे, हे त्याचे एक लक्षण. वेळेत लक्षात आले तर डोळाही वाचू शकतो.

चित्रपटाचा जीव मात्र आजारात नाही. शस्त्रक्रियेआधी मुलाला खरे ते सांगितलेच पाहिजे, असा डॉ. सान्यांचा (संदीप कुलकर्णी) आग्रह असतो. आजोबांच्या (अरुण नलावडे) तोंडून ते काही केल्या निघत नाही. पुढे तर आजोबा नातवाला घेऊन इस्पितळातून गुपचूप बाहेर पडतात. डोळे आहेत तोवर त्याला शहर दाखवायला.

प्रस्तुत लेखकाच्या सोसायटीत मे महिन्याच्या सुट्टीत हा चित्रपट गच्चीवर दाखवला गेला. पडद्याच्या जागी कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमट्यांनी लावलेली चादर. वारा सुटला की अश्विन चितळेचा, म्हणजे परश्याचा, चेहरा हलायचा. पोरे घाबरतील, काहीतरी हसरे लावा, असे बऱ्याच पालकांचे म्हणणे होते. लेखकही त्यातलाच, हे नोंदवलेले बरे. पोरे घाबरली नाहीत, चिडली. "आजोबा त्याला सांगत का नाहीयेत?" तिसरीतल्या एका मुलीने मोठ्यांदा विचारले. "गप पिक्चर बघ," असे मागून उत्तर आले. तिने पुन्हा तेच विचारले. या खेपेला मागून कोणी बोलले नाही.

शेवटी काळा चष्मा लावलेला परश्या होडीतून गावी परततो. दिवे लागले, पन्ह्याचे पेले फिरू लागले. ती मुलगी डोळे मिटून जिन्याच्या कठड्याशी बसली होती आणि बाकीची तिच्या तळव्यावर एकेक नाणे ठेवत होती. पाचाचे जुने जाड नाणे तिने लगेच ओळखले. रुपया आणि दोन रुपयांपाशी ती अडली. कडेवरून अंगठा दोनदा फिरवला, पण डोळे उघडले नाहीत.