हरळीचा अपराधी

हरळी म्हणजे आमच्या घरात शिवीच. नगर जिल्ह्यात आमची सात एकर काळी जमीन. चैत्रात नांगरट झाली की आम्ही सगळी भावंडं ढेकळांतून हरळीच्या काशा वेचायचो, बांधावर उन्हात वाळवायचो आणि पेटवून द्यायचो. एखादी कांडी जरी मातीत राहिली, तरी पहिल्या पावसाला ती मान वर काढायची. पुढे कृषी पदवी घेतली आणि नोकरी लागली ती पुण्याजवळच्या एका गोल्फ कोर्सवर. काम काय, तर हरळी जगवायची! गावात हे सांगायला मला दोन वर्षं लागली.

गोल्फ कोर्सवर तिला बर्म्युडा म्हणतात. फेअरवेवर, म्हणजे खेळाच्या लांब पट्ट्यावर, असते ती जवळजवळ आपलीच हरळी, म्हणजे दूर्वा. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, मात्र टिफड्वार्फसारखी संकरित जात. दूर्वा आणि तिची आफ्रिकेतली बहीण यांच्या संकरातून आलेली ही जात बी धरत नाही. कांड्या लावूनच वाढवावी लागते. ती 1965 साली अमेरिकेतल्या टिफ्टन इथून बाहेर आली. तिथले ग्लेन बर्टन हे या गवतांचे मोठे पैदासकार. त्याच वर्षी आपल्याकडे एचबी-1 ही पहिली संकरित बाजरी आली, तिचा मादी वाणही बर्टन यांचाच. माझ्या वडिलांनी, आण्णांनी, तरुणपणी ती बाजरी पेरली होती. म्हणजे आम्ही बापलेक एकाच माणसाचे देणेकरी.

पहिली दहा वर्षं माझं मत ठाम होतं: उन्हाळा हा गवताचा वैरी आणि पाणी हे एकच हत्यार. मार्च लागला की फेअरवेवर रोज पाच मिलीमीटर पाणी. ग्रीनवर पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी फवारा. कुठे पिवळा ठिपका दिसला की मेंबरांच्या आधी तो मला दिसायचा आणि मी होज घेऊन धावायचो. उन्हाळ्यात ग्रीनला भोकं पाडून माती मोकळी करायची, तर छातीच व्हायची नाही. भाजलेल्याला आणखी जखम कशाला, म्हणून ते काम मी डिसेंबरवर ढकलायचो. 2014 ची गोल्फची यूएस ओपन पाइनहर्स्टला झाली, तेव्हा टीव्हीवर तिथल्या तपकिरी कडा पाहून मी हसलो होतो. तिथल्या लोकांनी स्वतःहून पस्तीसेक एकर रफ, म्हणजे कडेचं गवत, काढून वाळू उघडी केली होती, हे मला नंतर कळलं.

मग 2016 चा दुष्काळी एप्रिल आला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं, न्यायालयानं आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले होते. एका लग्नाच्या पंगतीत चुलतभावानं सहज विचारलं, “तुमच्या गवताला दिवसाला किती पाणी लागतं रे?” मी तयार उत्तर फेकलं, “आमचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी असतं.” तो गप्प बसला. आपण प्रश्नाला बगल दिली, हे मला जेवतानाच कळलं. रात्री हिशेब मांडला. हेक्टरवर एक मिलीमीटर म्हणजे दहा हजार लिटर. बारा हेक्टर फेअरवे, पाच मिलीमीटर. रोज सहा लाख लिटर, म्हणजे दहा हजारी साठ टँकर.

तरीही हात आखडला नाही. तो आखडायला लावला आण्णांनी.

मे महिन्यात ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले होते. त्यांना कोर्स दाखवायला नेलं. सातवं ग्रीन त्या आठवड्यात पिवळं पडत होतं आणि मी पाणी वाढवत होतो. कपाची, म्हणजे चेंडू पडतो त्या भोकाची, जागा बदलायची होती, म्हणून माळ्यानं कटरनं मातीचा गड्डा काढला. आण्णांनी तो हातात घेतला, नाकाशी नेला. सडक्या अंड्याचा वास. वाळूत बोटभर खाली काळा थर आणि मुळं जेमतेम दोन बोटं.

“ही हरळी?” आण्णा म्हणाले. “हिला मारता मारता आमचा जन्म गेला. तू दिवसातून तीनदा पाणी पाजून मारलीस होय रे!”

मी हसलो खरा, पण कान तापले होते. पुस्तकात वाचलेलं सगळं तेव्हा त्या गड्ड्यात दिसलं. वरची दोन बोटं सतत ओली, मग मुळांनी खाली जायचं कशाला? वाळूत पाणी तुंबलं की हवा संपते, गंधकाचा वायू धरतो आणि मुळं गुदमरतात. पिवळेपणा तहानेचा नव्हताच. शिवाय हरळीला पस्तीस अंशांचं ऊन मानवतं. तिला सोसत नाही ती श्रावणातली झाकोळ. ज्या ऋतूत ती सगळ्यात जोमात असते, त्याच ऋतूत मी तिला रुग्ण ठरवून बसलो होतो.

आता भोकं एप्रिल-मेमध्येच पाडतो, वाळू भरतो. दोन-तीन आठवड्यांत जखमा बुजतात. उन्हाळ्यात ग्रीनची कापणी साडेतीनवरून चार मिलीमीटरवर नेतो, कारण पात जरा उंच राहिली की मूळही खोल जातं. पाणी पहाटे एकदाच, आणि दुपारी जिथं खरोखर कोमेजलंय तिथंच हातानं. फेअरवेला रोजचं पाणी बंद. आठवड्यातून एकदा वीस मिलीमीटर, तेही दोन टप्प्यांत, मध्ये मुरायला वेळ देऊन. आठवड्याला अठरा लाख लिटर वाचतात. सांडपाण्यात क्षार असतात, त्यामुळे मधूनच एखादं भरपूर पाणी देऊन ते खाली धुवावे लागतात. तेवढं मी चुकवत नाही.

फेअरवे मे महिन्यात तपकिरी दिसतात. काही मेंबर कुरकुरतात, काहींना चेंडू लांब घरंगळतो म्हणून आवडतं. मी मात्र पुण्य केल्याचा आव आणणार नाही. उरलेले चोवीस लाख लिटरही खेळासाठीच जातात आणि त्या चुलतभावाला द्यायला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही.

गेल्या चैत्रात गावी गेलो होतो. नांगरटीत एक काशी सापडली, ती ओढत गेलो तर संपेचना. खिशातला टेप काढून मोजू लागलो.

आण्णा बांधावरून ओरडले, “मोजत काय बसलास? उपट!”